फड्या निवडुंगाची टीएलसी: नारिंगी ठिपका नेमका कशाचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी अंबाजोगाईला एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पाचा विषय हट्टाने मीच घेतला. उन्हाळ्यात आमच्या वस्तीवरच्या दोन पोरांनी मोबाईलवर 'कॅक्टसने नशा होते' असं काहीतरी बघितलं आणि बांधावरचं त्रिधारी निवडुंग मोडून चघळलं. तोंड सोलून निघालं. चिकाचा हात डोळ्याला लागला, त्यातल्या एकाला आठ दिवस उजेड सहन होईना. त्रिधारी हा मुळात कॅक्टस नाहीच, तो युफोर्बिया, आणि त्याचा पांढरा चीक कातडी जाळतो. पण आपल्याकडे दोन्हींना निवडुंगच म्हणतात, पोरांना फरक कळणार कसा?

कॅक्टसमधलं नशेचं द्रव्य म्हणजे मेस्कलीन, पण ते असतं मेक्सिको-टेक्सासकडच्या बिनकाट्याच्या बुटक्या पेयोटीत आणि अँडीजमधल्या सॅन पेद्रोत. आर्थर हेफ्टरने १८९७ मध्ये पेयोटीतली अल्कलॉइड्स (वनस्पतींतली नायट्रोजनयुक्त संयुगं) वेगळी करून एकेक स्वतःवर तपासली, तेव्हा कळलं की भास होतात ते मेस्कलीनने. आपल्याकडे ते एनडीपीएस (अंमली पदार्थविरोधी) कायद्याखाली येतं, त्यामुळे प्रमाण नमुना मागवण्याचा प्रश्नच नाही. मला फक्त बांधावरच्या फड्यात (ओपन्शिया, हा मात्र खरा कॅक्टस) काय आहे ते दाखवायचंय. आजी सांगते, बहात्तरच्या दुष्काळात काटे भाजून हाच फड्या जनावरांपुढे टाकला होता. एकही जनावर झिंगलं नाही.

आता अडचण. ओल्या फड्याचा लगदा केला की शेंबडासारखा बुळबुळीत गर गाळणकागदावर बसतो, तासाभरात दहा मिलीही खाली उतरत नाही. फोडी सावलीत वाळवून, भुकटी करून मेथॅनॉलमध्ये भिजवल्या तेव्हा कुठे काम पुढे सरकलं. (बारीक कुसं मात्र हातमोज्यातूनही शिरली, अजून बोटात सलतात.)

मग टीएलसी केली, म्हणजे सिलिकाच्या पातळ थरावर अर्कातले घटक वेगळे केले. त्या प्लेटवर ड्रॅगेनडॉर्फ (अल्कलॉइडला नारिंगी रंग देणारा अभिकर्मक) फवारलं तर अगदी खाली, आरंभरेषेला चिकटून, एक पसरट नारिंगी ठिपका आला. सर म्हणाले, "अल्कलॉइड सापडलं, लिहून टाक." मला ते पटत नाही. ड्रॅगेनडॉर्फ वनस्पतींत सर्रास असणाऱ्या कोलीन आणि बीटेनलाही रंग देतं, आणि ती दोन्ही इतकी ध्रुवीय की खालीच बसणार. उलट ओपन्शियात टायरामीन नोंदलेलं आहे, पण ते प्राथमिक अमीन, त्याला ड्रॅगेनडॉर्फचा रंग फिकाच येतो. दुसऱ्या प्लेटवर निनहायड्रिनने (हे प्राथमिक अमीन दाखवतं) बराच वर जांभळा डाग दिसला, पण तो एखाद्या अमिनो आम्लाचाही असू शकतो.

माझा विचार असा: टायरामीन आणि हॉर्डेनीन (कॅक्टसांत आढळणारं तसंच दुसरं अमीन) दोघांतही मोकळा फिनॉल गट आहे, मेस्कलीनमध्ये नाही. म्हणजे फिनॉलला रंग देणाऱ्या डायझो अभिकर्मकाने रंग आला तर तो ठिपका मेस्कलीनचा नाही, असं म्हणता येईल का? की गरातली इतर फिनॉलं घोटाळा करतील? अमीनं वेगळी काढायला आम्ल-अल्कली धुलाई आधी करावी का?

आणि छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडला विद्यार्थ्यांचे नमुने एलसी-एमएसवर (घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र) कुठे चालवून देतात का? वस्तुमानाच्या आलेखावर टायरामीन १३८ ला, हॉर्डेनीन १६६ ला दिसावं, आणि २१२ ला, म्हणजे मेस्कलीनच्या जागी, काही नसावं. तो एक आलेख हातात आला की वस्तीवरच्या शाळेत घेऊन जाणार आहे, त्रिधारीची आणि फड्याची एकेक फांदी सोबत घेऊन.

दोन्ही प्लेटांचे फोटो उद्या सकाळी टाकते. महिनाअखेरीस अहवाल द्यायचाय, तेव्हा ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी कृपया लवकर सांगा.