शब्दचर्चा : आत्मिक प्रौढत्व, परिपक्वता की पूर्णता?

धडेकर्ता : मंडळीच्या (चर्चच्या) बायबल-वर्गासाठी मराठीत धडे लिहितो आहे. 'स्पिरिच्युअल मॅच्युरिटी'ला कुणी 'आध्यात्मिक परिपक्वता' म्हणतं, कुणी 'आत्मिक प्रौढत्व', तर काही ठिकाणी 'पूर्णता' दिसते. तिन्हींचा अर्थ एकच का? धड्यात कोणता शब्द ठेवावा?

ग्रीकवाचक : मूळ ग्रीक शब्द बहुतेक ठिकाणी एकच आहे, 'तेलेइऑस'. तेलॉस म्हणजे साध्य. ते ज्याने गाठलं तो तेलेइऑस. फळ, जनावर, माणूस, कशालाही लागतो. आपल्या प्रचलित मराठी बायबलात मत्तय ५:४८ ला त्याचं 'पूर्ण' झालंय आणि इब्री ५:१४ ला 'प्रौढ'. दोन्ही बरोबर, कारण मत्तयात तुलना स्वर्गीय पित्याशी आहे आणि इब्रीत दूध पिणाऱ्या बालकाशी.

घोटाळा होतो तो 'पूर्ण' म्हणजे 'निष्पाप, आता काही उरलं नाही' असं वाचल्यामुळे. त्यावर उतारा प्रेषित पौलाच्या 'फिलिप्पैकरांस' या पत्राच्या ३ऱ्या अध्यायातच आहे. १२व्या वचनात पौल म्हणतो की मी अजून पूर्ण झालेलो नाही, आणि तीनच वचनांनंतर, १५व्यात, स्वतःला तेलेइऑस लोकांत धरतो. म्हणजे आपण पोहोचलो नाही हे ज्याला कळतं आणि जो तरीही धावत राहतो, तो प्रौढ. वर्गात ही दोन वचनं शेजारी शेजारी वाचून घ्याच.

कोशप्रेमी : मराठीच्या बाजूने थोडं. 'परिपक्व'च्या मुळाशी पच्, म्हणजे शिजणं-पिकणं. बोलीतला 'पोक्त' फारसी 'पुख्ता'वरून आला, त्याचाही अर्थ शिजलेला, पिकलेलाच. दोन्ही शब्दांत काळाने आपोआप होणारी गोष्ट डोळ्यांपुढे येते. वयाने पोक्त माणूस विश्वासात प्रौढ असेलच असं नाही, म्हणून धड्यात 'परिपक्वता' एकटी ठेवू नये.

'प्रौढ'ची अडचण वेगळी. 'प्रौढत्व' लिहा, 'प्रौढी' चुकूनही नको. प्रौढी म्हणजे बढाई. 'आत्मिक प्रौढी' छापलं तर अर्थ नेमका उलटा होतो.

धडेकर्ता : आणि 'आत्मिक' की 'आध्यात्मिक'?

ग्रीकवाचक : पौल यासाठी वापरतो तो ग्रीक 'न्यूमातिकॉस' हा पवित्र आत्म्याशी बांधलेला शब्द आहे. 'आध्यात्मिक' मराठीत फार ऐसपैस झालाय, म्हणून शीर्षकात मी 'आत्मिक' घेईन. वचन उद्धृत करताना मात्र बायबलात जे छापलंय तेच ठेवा.

पौलाचं करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पत्र, १ करिंथकरांस, पाहा. १:७ प्रमाणे त्या मंडळीत कोणत्याही कृपादानाची (पवित्र आत्म्याने दिलेल्या विशेष देणगीची) उणीव नव्हती. तरी ३:१-३ मध्ये पौल त्यांना ख्रिस्तातली बालकं म्हणतो आणि कारण देतो हेवा व कलह. तेव्हा उत्तम प्रार्थना करणं, आत्म्याच्या प्रेरणेने अन्य भाषा बोलणं, वचनं तोंडपाठ असणं ही प्रौढत्वाची मापं नव्हेत. मंडळीत जबाबदाऱ्या वाटताना सगळ्यात जास्त चूक इथेच होते: कृपादान दिसतं म्हणून पद दिलं जातं, आणि मग वाद उभे राहतात.

वसईकर : आमच्या कॅथलिक वापरात 'दृढीकरण' (कन्फर्मेशन) संस्काराला कधी कधी प्रौढत्वाचा संस्कार म्हणतात. कॅथलिक चर्चच्या १९९२च्या धर्मशिक्षणग्रंथाचा (कॅटेकिझमचा) परिच्छेद १३०८ तिथेच सावध करतो: विश्वासातलं प्रौढपण आणि शरीराच्या वाढीचं प्रौढपण यांची गल्लत नको.

कोशप्रेमी : इब्री ५:१४ म्हणतं की प्रौढांना 'वहिवाटीने' चांगलं-वाईट ओळखण्याचा 'सराव' झालेला असतो. यातलं 'वहिवाटीने' तरुणांना अडेल. आज वहिवाट म्हटलं की सातबारा आणि शेतातला रस्ता आठवतो. इथे अर्थ आहे रोजच्या वापराने मुरलेली सवय. त्याच वाक्यातल्या 'सराव'साठी मूळ क्रियापद व्यायामशाळेतलं आहे. म्हणजे चांगलं-वाईट ओळखणं ही माहिती नसून कमावलेली ताकद आहे.

धडेकर्ता : हा सराव वर्गात कसा द्यावा?

वसईकर : जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांची १६व्या शतकातली आत्मपरीक्षणाची रीत वापरा. पाच पायऱ्या, याच क्रमाने: देवाचे आभार, स्वतःचं पाप दिसावं म्हणून कृपेची याचना, उठल्यापासून आतापर्यंतचा दिवस तासातासाने तपासणं, क्षमायाचना, सुधारण्याचा निश्चय. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. बहुतेक जण पहिली पायरी गाळून थेट तिसरीवर जातात. मग उरते फक्त चुकांची यादी, माणूस खचतो आणि काही दिवसांत सगळंच सोडून देतो. दुसरी चूक म्हणजे निश्चय मोघम ठेवणं. 'चांगला वागेन' याची उद्या तपासणी करता येत नाही. 'उद्या सकाळी भावाला फोन करून क्षमा मागेन' याची येते.

ग्रीकवाचक : शेवटी क्रियापदांकडे लक्ष द्या, धड्यांत हेच सर्वात ढिलं असतं. २ पेत्र १:५-७ मध्ये 'भर घाला' आहे: विश्वासात सात्त्विकता, मग ज्ञान, इंद्रियदमन, धीर, सुभक्ती, बंधुप्रेम, प्रीती. तिथे कर्ते आपण. १ करिंथकरांस ३:६ मध्ये लावणारा पौल, पाणी घालणारा अपुल्लोस (दुसरा उपदेशक), पण वाढवणारा देव. नुसतं पहिलं शिकवलं तर वर्ग धापा टाकतो, नुसतं दुसरं शिकवलं तर हातावर हात ठेवून बसतो. म्हणून 'प्रौढत्व मिळवा' असं लिहू नका. 'प्रौढत्वाकडे वाढत जा' लिहा. त्यात दोन्ही बाजू राहतात.

धडेकर्ता : मग शीर्षक 'आत्मिक प्रौढत्वाकडे', मत्तयाच्या धड्यात 'पूर्ण' तसाच, आणि 'वहिवाटीने'खाली तळटीप.