हिरवळीखालच्या मैलाटाकीवरून गवतकापणी यंत्र आणि मातीची ट्रॉली नेण्याबाबत

प्रश्न : कळंबेकर

सर्वांस नमस्कार. कळंबा तलावाच्या पुढे आमचे १९९८ साली बांधलेले घर आहे. आमच्या गल्लीत भुयारी गटार आलेले नाही, त्यामुळे घरामागच्या ३ गुंठे हिरवळीखालीच मैलाटाकी आणि तिचा शोषखड्डा आहे. टाकी १० फूट लांब आणि ५ फूट रुंद असावी, असे आई सांगते. बांधकाम वडिलांनी करवून घेतले होते. ते आता नाहीत आणि गवंडी कोण होते हेही कोणाला आठवत नाही. वर दिसतो तो केवळ वायुनलिकेचा पाइप आणि गवतात अर्धा बुडालेला एक ढापा.

आजवर ढकलण्याच्या यंत्राने गवत कापत होतो. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून बसून चालवायचे जुने यंत्र घेतले आहे. त्याचे वजन सुमारे २०० किलो आहे. शिवाय पावसाळ्यापूर्वी हिरवळीवर तांबड्या मातीचा थर देऊन पाण्याने भरायचा रोलर फिरवण्याचा विचार आहे. माती आणणारे म्हणतात की ट्रॅक्टर सरळ मागे घालतो, २७ वर्षे टिकलेल्या स्लॅबला काय होणार आहे. मला मात्र धाकधूक वाटते, कारण मागे गाडी नेण्याची एकमेव वाट नेमकी टाकीवरूनच जाते. यांपैकी काय चालेल आणि काय चालणार नाही, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : निवृत्त स्थापत्य अभियंता

आपली धाकधूक योग्य आहे. आपल्याकडे बहुतेक लोक सेप्टिक टँकला ‘सेफ्टी टँक’ म्हणतात, आणि नावातच सुरक्षितता असल्यामुळे की काय, तिच्याकडे ती खचेपर्यंत कोणी पाहत नाही.

आधी ट्रॅक्टरचा विषय संपवू. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट माती. तिचेच वजन ४ टनांच्या पुढे जाते. त्यात ट्रॉली आणि ट्रॅक्टर धरले, तर गाडी ७ टनांच्या घरात पोहोचते. घरगुती मैलाटाकीचा स्लॅब वाहनासाठी बांधलेला नसतो. त्यामुळे ट्रॉली फाटकापाशीच रिकामी करून घ्यावी आणि माती घमेल्यांनी किंवा हातगाडीने, टाकीची जागा सोडून, मागे न्यावी.

स्लॅब २७ वर्षे टिकला म्हणजे तो मजबूत आहे, हा युक्तिवाद मला सर्वांत धोकादायक वाटतो. टाकीतल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. स्लॅबच्या खालच्या ओलसर पृष्ठभागावरचे जिवाणू त्याचे गंधकाम्ल करतात आणि ते आम्ल काँक्रीट खाते. त्यानंतर सळई गंजते, गंजताना फुगते आणि खालून पोपडे सुटू लागतात. म्हणजे झीज होते ती खालून, आणि आपण पाहतो ती वरची हिरवळ, जी अखेरच्या दिवसापर्यंत हिरवीगारच असते. शिवाय स्लॅबवर १ फूट माती असेल, तर ओली असताना तिचेच वजन दर चौरस मीटरला ५०० किलोंच्या वर जाते. १० बाय ५ फुटांच्या टाकीवर हा बोजा अडीच टन होतो आणि तो रात्रंदिवस तिथेच असतो. त्यामुळे टाकीवर नवीन मातीचा थर अजिबात देऊ नये, असे माझे मत आहे.

आता आपले गवतकापणी यंत्र. चालक धरून २७०-२८० किलो वजन चार चाकांवर विभागले जाते, म्हणजे मागच्या एका चाकाखाली साधारण एका माणसाइतका भार येतो. निरोगी स्लॅबला तो काहीच नाही. पण आपला स्लॅब निरोगी आहे, हे अजून कोणी पाहिलेले नाही, आणि ढापा जर शहाबादी फरशीचा असेल, तर एका माणसाचाही भरवसा देता येत नाही, कारण फरशी वाकून इशारा देत नाही, ती एकदम तुटते. ढाप्याच्या जागी बाजारातले ‘एलडी २.५’ असा शिक्का असलेले झाकण बसवले, तर झाकण अडीच टनांच्या चाचणीचे होते. त्याच्या कडेचा स्लॅब मात्र होता तसाच राहतो.

तपासणी अशी करावी. ढापा उघडून तासभर तरी लांब थांबावे आणि जवळपास विडी, काडेपेटी, दिवा काहीही नसावे, कारण आत मिथेन असतो. नंतर वाऱ्याच्या वरच्या अंगाला, टाकीच्या ढाप्याकडच्या भिंतीबाहेरच्या पक्क्या जमिनीवर उभे राहून, काठीला तिरका बांधलेला छोटा आरसा आत सोडावा आणि दुसऱ्या आरशाने उन्हाचा कवडसा त्यावर पाडावा. स्लॅबची खालची बाजू स्पष्ट दिसते. डोके आत घालू नये. हायड्रोजन सल्फाइडचा जोर वाढला की नाकाला त्याचा वास येणेच बंद होते. दुर्दैवाने कोणी आत पडलेच, तर त्याच्यामागे उतरू नये; १०१ किंवा ११२ ला फोन करावा.

उत्तर : वडणग्याचा शेतकरी

अभियंता साहेबांनी स्लॅबबद्दल सांगितले, मी शोषखड्ड्याबद्दल सांगतो, कारण आमची फजिती तिथे झाली. उसाच्या हंगामात रात्री नातेवाइकांचा ट्रॅक्टर अंगणात मागे घेताना मागचे चाक शोषखड्ड्याच्या फरशीवर गेले आणि मांडीइतके खाली गेले. माणसाला इजा झाली नाही. साखळी लावून दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढला, फरशी बदलली आणि विषय संपला असे आम्ही समजलो.

दोन महिन्यांनी पहिल्या मोठ्या पावसात शौचालयातले पाणी उतरेना. आम्ही टाकी भरली असे समजून मैला उपसणारी गाडी बोलावली आणि चार दिवसांत पुन्हा तेच. शेवटी खणून पाहिले, तर टाकी आणि खड्डा यांना जोडणारा ४ इंची पाइप चाकाच्या मार्गावरच चिरडून चपटा झाला होता. म्हणून कळंबेकर, टाकी आणि खड्डा या दोन जागा वाचवून भागणार नाही, त्यांच्यामधली पाइपची रेघही वाचवा. ती जमिनीपासून वीतभरच खाली असू शकते.

उत्तर : रोपवाटिकावाली

नमस्कार दादा. पाइपची रेघ आणि खड्डा शोधायला आधी खणू नका, चैत्र-वैशाखात दोन पाणी चुकवून हिरवळीकडे पाहा. टाकीच्या स्लॅबवर मातीचा थर पातळ, म्हणून तिथले गवत आधी पिवळे पडते आणि चौकोन जवळजवळ आखल्यासारखा उमटतो. शोषखड्ड्याभोवती उलट होते, तिथे हरळी सर्वांत शेवटी सुकते. दिसले की लगेच चुन्याने रेघ मारून फोटो काढून ठेवा, नाहीतर पहिल्या वळवाने सगळे पुसले जाईल.

रोलरबद्दल मला जास्त काळजी वाटते. २ फूट व्यासाचा आणि ३ फूट लांबीचा रोलर पाण्याने भरला, की पाणीच २५० किलोंच्या पुढे जाते. शिवाय आपण तो ओल्या मातीवर फिरवतो, कारण कोरडी जमीन दबत नाही. शोषखड्ड्याभोवतीच्या मातीला मात्र हे दबणेच नको असते. तिच्यातल्या बारीक पोकळ्यांतून सांडपाणी मुरते; त्या एकदा मिटल्या की माती पुन्हा भुसभुशीत व्हायला वर्षे लागतात, आणि काळी माती असेल तर विचारूच नका. तिथे सुकलेल्या जमिनीवरून आपले यंत्र महिन्यातून एकदा गेले तर फार बिघडणार नाही. आषाढ-श्रावणात मात्र चाक नकोच. आखलेल्या भागापुरते गवत खांद्यावरच्या ग्रासकटरने कापून घ्यावे. आमच्याकडचे कामगार अर्ध्या तासात ते उरकतात.

कळंबेकर

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी आरशाचा प्रयोग केला. ढाप्याजवळ दोन सळया पूर्ण उघड्या पडल्या आहेत आणि एका सळईचा तर लालसर भुगा लोंबत होता. बारा वर्षे आमच्या मुलांनी याच जागेवर क्रिकेट खेळले, हे आठवून आई बराच वेळ काही बोलली नाही. सध्या चारही कोपऱ्यांवर बांबू रोवून दोरी बांधली आहे आणि मातीची ऑर्डर रद्द केली आहे. स्लॅब नवीन घालायचा झाल्यास सेंटरिंगसाठी, म्हणजे काँक्रीटला खालून आधाराच्या फळ्या लावायला, कोणाला टाकीत उतरावे लागेल का?

निवृत्त स्थापत्य अभियंता

कोणालाही उतरवू नये. टाकी माणसांकडून उपसून घेणे २०१३ च्या कायद्याने प्रतिबंधित आहे, आणि सेंटरिंगसाठी उतरणाऱ्या गवंड्यालाही तोच वायू गाठतो. स्लॅब जागेवर न ओतता बागेच्या कडेला पट्ट्यांच्या स्वरूपात ओतून घ्यावा. ५ फुटांच्या टाकीला दोन्ही भिंतींवर ६-६ इंच टेकू धरून ६ फूट लांब आणि दीड फूट रुंद अशा ७ पट्ट्या लागतील. ४ इंच जाडीची एक पट्टी २०० किलोंच्या आसपास भरते, त्यामुळे तिपाई आणि चेन-पुली लावूनच ती बसवावी. सळईचा हिशेब तिथल्या अभियंत्याकडून, भिंती पाहून, करून घ्यावा. पट्ट्यांवर २१ दिवस पाणी मारावे, तोवर जुना स्लॅब हलवू नये. नंतर सक्शन गाडीने टाकी रिकामी करून जुना स्लॅब भिंतीबाहेर उभे राहून तुकड्या-तुकड्याने काढावा आणि त्याच दिवशी नव्या पट्ट्या टाकून टाकी झाकावी. हे काम मृगाच्या आधी उरकले तर उत्तम. नाहीतर दिवाळीपर्यंत ती दोरी सोडू नका.