मारुती ८०० : पेट्रोलचा काटा कमी दाखवतो, टाकी उतरवावी का?

नमस्कार मंडळी,

गाडी १९९८ची, कार्ब्युरेटरवाली. मुक्काम चिपळूण, त्यामुळे पाऊस आणि गंज दोन्ही भरपूर. टाकी फुल्ल केली तरी काटा पाऊणवरच थांबतो, आणि 'ई'ला टेकला म्हणून पंपावर जावं तर जेमतेम पंधरा-सोळा लिटर बसतं. टाकी २८ लिटरची, म्हणजे आत बरंच शिल्लक असतं. जास्त दाखवण्यापेक्षा कमी दाखवलेलं बरं, हे मान्य. पण आईला घेऊन कुंभार्ली घाटातून कराडला दवाखान्यात जावं लागतं, रात्री परतताना नक्की किती पेट्रोल आहे ते कळायलाच हवं. (घाटात चढावर काटा हलतो ते वेगळं, मी सगळं सपाटीवर पाहिलंय.)

टाकीकडून येणारी वायर सोडवून चावी फिरवली की काटा 'ई'वर जातो. तीच वायर ३.४ वॅटच्या बल्बमधून बॉडीला लावली की 'एफ'कडे चढतो. म्हणजे मीटर आणि तिथपर्यंतची वायर ठीक असावी. कोडं पुढेच आहे: दिवे लावले की काटा आणखी खाली येतो, बंद केले की सावकाश वर चढतो. टेम्परेचरचा काटा मात्र तेव्हा जागचा हलत नाही.

मेकॅनिक म्हणतो फ्लोट (टाकीत पेट्रोलवर तरंगणारा भाग) गेलाय, टाकी उतरवून अख्खं सेंडर युनिट (फ्लोटसकट, पेट्रोलची पातळी मीटरला कळवणारा भाग) बदलू. गंजलेले बोल्ट सोडवताना टाकीलाच काही झालं तर काय, ही धास्ती आहे. शिवाय आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, त्याचा काही संबंध असेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

टाकीला इतक्यात हात लावू नका. फ्लोटमध्ये पेट्रोल शिरून तो बुडाला, तरी काटा कमीच दाखवतो. पण फ्लोटला दिव्यांशी काय देणंघेणं? मला अर्थिंगचा, म्हणजे वायर गाडीच्या बॉडीला जिथे जोडलेली असते त्या जोडाचा, संशय आहे. मागचे दिवे आणि सेंडर यांचा अर्थ एकाच गंजलेल्या जागी असेल, तर दिव्यांचा करंट तिथे अडतो आणि काटा खाली येतो. व्होल्टेजच पडत असतं तर टेम्परेचरचा काटाही हलला असता.

चावी बंद ठेवून, बॅटरीची निगेटिव्ह काढून, टाकीच्या बॉडीवरची स्वच्छ खरवडलेली जागा आणि चासिस यांच्यात एक जाड वायर घट्ट बसवा. मग बॅटरी जोडून काटा बघा. वर चढला तर जुनं अर्थिंग घासून नवीन रिंग टर्मिनल टाका, वरून व्हॅसलिन लावा. पेट्रोलचा वास येत असेल तर हे काम उघड्यावरच करा, आणि जवळ ठिणगी नको.

नाहीच चढला, तर मग टाकी उतरवा. तेव्हा सेंडरखालचं जुनं गॅस्केट परत बसवू नका, इथेनॉलला चालणारंच घ्या.