मदत हवी आहे: सुरू केलेली कथा पुरी कशी करता?

नमस्कार मंडळी. मी बेळगावात वडगावला असतो, यंत्रमागावर साड्या विणतो. कथा लिहायची मनापासून ओढ आहे. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूरची साहित्य संमेलनं ऐकून आलो की झपाट्यानं लिहितो. मग लग्नसराईचं काम अंगावर येतं आणि वही मिटते ती मिटतेच. मागांच्या खडखडाटात संवाद मात्र सुचत राहतात, ते जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर बोलून ठेवतो. एवढी एक सवय टिकली आहे.

उत्साहाची वाट बघण्यात अर्थ नाही, हे मला पटलंय. दर आठवड्याला "पुढं काय लिहिलंस रे?" असं विचारणारं कुणीतरी हवं. शहापूर-वडगाव भागात एकमेकांचं लेखन वाचून स्पष्ट सांगणारी मंडळी रविवारी कुठं जमतात का? नसतील तर माझ्याबरोबर कोण सुरू करेल?

आणखी एक. माझी पात्रं आपलं बेळगावी मराठी बोलतात, मध्येच कन्नडही. मला ते तसंच ठेवायचंय. पुण्या-मुंबईच्या वाचकाला अडू नये म्हणून तुम्ही काय करता? खानापूर, निपाणीकडच्या लिहिणाऱ्यांनी जरूर सांगा.