पित्ताच्या गोळ्या लागू पडत नाहीत, सर्जन म्हणतात ऑपरेशन करून टाका. करावं का?

चाकणचा_वेल्डर

नमस्कार मंडळी. वय ४२, वजन ७४ किलो. चाकणला कारखान्यात वेल्डिंगला आहे, तिन्ही पाळ्या आलटून पालटून. पित्ताचा त्रास सहा वर्षांपासून. आधी कँटीनच्या तर्रीवर ढकललं. तर्री सोडली, चहा सोडला, तंबाखू तर कधीच नव्हती. आता साधा वरणभात खाल्ला तरी तासाभरात छातीच्या मधोमध जळायला लागतं.

जळजळ एक वेळ सोसेन. पण वाकलो की आंबट पाणी थेट तोंडात येतं, आणि आमचं अर्धं काम वाकूनच. तोंडावर हेल्मेट, हातात होल्डर आणि घशाशी पाणी. थुंकायला टाका अर्धवट सोडून उठावं लागतं. रात्री झोपेत ठसका लागून उठून बसतो, बायको घाबरते.

पँटोप्राझोल झालं, मग रॅबेप्राझोल-डोमपेरिडोनची कॅप्सूल, आता इसोमेप्राझोल दोन वेळा. दोन वर्षांपूर्वी तोंडातून दुर्बीण घातली होती. रिपोर्टात ‘लहान हायटस हर्निया, ग्रेड ए सूज’ असं आहे. म्हणजे जठराचा वरचा भाग छाती-पोटामधल्या पडद्याच्या फटीतून थोडा वर सरकलाय, आणि अन्ननलिकेला सूज. परवा एका सर्जनना दाखवलं. त्यांनी तोच जुना रिपोर्ट बघितला, कागदावर जठराचं चित्र काढलं आणि म्हणाले, दुर्बिणीतून फंडोप्लिकेशन करू, म्हणजे जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून शिवू, तिसऱ्या दिवशी घरी. पुढच्या महिन्याची तारीखही दिली. मेहुणा म्हणतो पोट फाडून घेऊ नकोस. कुणी हे ऑपरेशन करून घेतलंय का? खरं खरं सांगा.

सह्याद्रीवारा

दादा, ऑपरेशनच्या नादी लागू नका. रात्री धने भिजवून सकाळी ते पाणी गाळून घ्या, वर खडीसाखर. माझी अॅसिडिटी महिन्यात पळाली.

मिरजेची_मास्तरीण

धन्याचं पाणी मी वर्षभर प्यायलेय. चांगलं लागतं. पण वाकल्यावर वर येणारं पाणी त्याने थांबत नाही. तो बिघाड अन्ननलिका जठराला मिळते तिथल्या झाकणाचा आहे.

माझं हेच ऑपरेशन २०२१ साली झालं. तेव्हा मी ४६ वर्षांची होते. सातवीला विज्ञान शिकवते, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

भाऊ, आधी एक विचारते. गोळी नेमकी कधी घेता? ‘जेवण झाल्यावर, आठवण येईल तेव्हा’ असं उत्तर असेल तर ऑपरेशनची तारीख आजच पुढे ढकला. जठरातले आम्लाचे पंप जेवणाच्या वेळी चालू होतात, आणि या गोळ्या चालू झालेल्या पंपालाच धरतात. म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी पोटात गेलेली हवी. तुमच्या पाळ्या बदलतात, तेव्हा घड्याळ विसरा. झोपून उठल्यावरचं पहिलं जेवण ज्या वेळी असेल, मग ते दुपारी दोनला का असेना, त्याच्या आधी.

हे विचारायचं कारण तुमच्याच लिहिण्यात आहे. पाणी अजून *आंबट* लागतं म्हणता. गोळी वाट बंद करत नाही, फक्त वर येणाऱ्या पाण्याचा आंबटपणा कमी करते. माझी गोळी नीट लागू होती, जळजळ जवळपास गेली होती, तरी फळ्यावरचं खाली पडलेलं डस्टर उचलायला वाकले की सकाळचे पोहे तोंडात. आंबट नाहीत, नुसते पोहे. तेव्हा ‘गोळी लागू पडत नाही’ याचे दोन अर्थ होतात. आम्ल कमी होत नाही हा एक, आणि आम्ल कमी होऊनही माल वर येतोच हा दुसरा. ऑपरेशन मुख्यतः दुसऱ्याचं औषध आहे. तुमचं कुठलं, ते अजून कुणी तपासलेलंच नाही.

ग्रेड ए म्हणजे सगळ्यात हलकी सूज. काही त्रास नसलेल्या माणसातही ती सापडते. तेवढ्यावर आणि दोन वर्षं जुन्या रिपोर्टावर तारीख देणाऱ्या डॉक्टरांना मी तरी नमस्कार करून उठले असते. माझ्या सर्जननी दोन तपासण्या झाल्याशिवाय हात लावणार नाही असं पहिल्याच दिवशी सांगितलं. मला राग आला होता, खर्च वाढवतायत वाटलं.

पहिली मॅनोमेट्री. उपाशीपोटी जायचं. नाकातून बारीक नळी अन्ननलिकेत सोडतात. नाकात जेल लावतात, पण घशामागे नळी वळते तेव्हा डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. तो अर्धा मिनिट वाईट, बाकी काही नाही. मग आडवं झोपवून पिचकारीने चमचाभर पाणी तोंडात देतात आणि ‘गिळा’ म्हणतात. एकदाच गिळायचं. मधे आवंढा गिळला तर तो घोट बाद. असे दहा घोट. एरवी दिवसभर न कळत गिळणारी मी, पण ‘आता गिळू नका’ म्हटल्यावर तोंडाला जी लाळ सुटली! अन्ननलिकेचा जोर किती आणि खालचं झाकण किती ढिलं, हे त्यात कळतं.

दुसरी २४ तासांची पीएच तपासणी, म्हणजे अन्ननलिकेत आम्ल किती वेळ येतं ते मोजायची. आधी सात दिवस गोळी बंद. ते सात दिवस मी उशीला टेकून बसून काढले. पुन्हा नाकातून नळी, याहून बारीक, आणि ती घेऊन घरी जायचं. कमरेला डबी. जेवलं की एक बटण, आडवं झालं की दुसरं, जळजळ झाली की तिसरं, आणि कागदावरही वेळ लिहायची. येताना एसटीत शेजारची आजी सांगलीपासून मिरजेपर्यंत टक लावून बघत होती. शेवटी म्हणाली, “ऑक्सिजन का गं बाई?” नेहमीसारखं जेवायला सांगतात. मी मुद्दाम भाकरी-ठेचा खाल्ला, एकदाचं काय ते दिसू दे. दिवसाच्या ४ टक्क्यांपेक्षा कमी वेळ अन्ननलिकेत आम्ल असेल तर ठीक मानतात, ६ च्या वर गेलं तर रोग नक्की. माझं ११ आलं. मग वाद संपला.

या तपासण्या किती महत्त्वाच्या, ते माझ्या सर्जननीच एका अमेरिकन अभ्यासावरून समजावलं. तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतला, २०१९ साली छापून आलेला. ‘गोळीने जळजळ जात नाही’ म्हणून पाठवलेले ३६६ जण होते. गोळी वेळेवर, नीट देऊन बघितली तर ४२ जणांचं त्यातच भागलं. ९९ जणांची सगळी तपासणी केली तर जळजळ खरी, पण तिचं कारण आम्ल नव्हतंच. असे गळत गळत शेवटी ७८ उरले. त्यांच्यात मात्र वर्षभराने ऑपरेशनवाल्यांपैकी ६७ टक्क्यांना चांगला गुण आला, जास्तीची औषधं दिलेल्यांपैकी २८ टक्क्यांना. म्हणजे योग्य माणसाला ऑपरेशन छानच. प्रश्न योग्य माणूस कोण हा.

आता ऑपरेशन. पोटावर पाच भोकं. वर सरकलेलं जठर खाली ओढतात, पडद्यातली फट टाके घालून लहान करतात आणि जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती मफलरसारखा गुंडाळून शिवतात. पूर्ण वेढा म्हणजे निसेन, मागून पाऊण वेढा म्हणजे टूपे. माझ्या अन्ननलिकेचा जोर जरा कमी आला होता म्हणून टूपे केलं. कुठला वेढा आणि का, हे तुमच्या सर्जनना विचाराच. शुद्धीवर आले तर पोटापेक्षा उजवा खांदा ठणकत होता. पोटात भरलेल्या गॅसमुळे तसं होतं म्हणे, दोन दिवसांत गेलं.

खरी परीक्षा घरी. पहिले दोन आठवडे पेज, वरणाचं पाणी, ताक, तेही घोटघोट. मग मऊभात. पाचव्या आठवड्यात मला वाटलं झालं आता सगळं, आणि ओट्याशी उभ्या उभ्या चपातीचा एक तुकडा तोंडात टाकला. तो छातीत अडकला. खाली जाईना, वर येईना. लाळसुद्धा गिळता येईना. मिस्टर गाडीची किल्ली शोधत होते आणि मी ओटा धरून उभी. दहा मिनिटांनी आपोआप उतरला. त्यानंतर दोन महिने मी प्रत्येक घास मोजून चावला. आता सगळं खाते, पण ताजा पाव अजून टाळते.

आणि ढेकर गेला. हे कुणी आधी नीट सांगत नाही. पंगतीत सगळे तृप्तीचे ढेकर देतात आणि मी आपली पोट फुगवून बसलेली. वरची वाट अडली की हवा खालची वाट धरते, आणि वर्गात चाळीस पोरांसमोर ती काय परिस्थिती असते हे तुम्हीच ओळखा. वर्षभरात कमी झालं, पूर्ण गेलं नाही. उलटीही होत नाही. एकदा लग्नातलं बासुंदीचं जेवण बाधलं तेव्हा रात्रभर नुसत्या कोरड्या उमासी आल्या, सुटका नाही.

परत करीन का? करीन. चार वर्षांत झोपेत एकदाही ठसका लागलेला नाही. डस्टर मीच उचलते.

गिळता_न_येणारा

बाईंच्या मॅनोमेट्रीच्या मुद्द्याला दुजोरा, माझ्या उलट्या अनुभवातून. मलाही तीन वर्षं ‘पित्त’ म्हणून गोळ्या चालू होत्या. जेवलेलं तोंडात यायचं, छातीत जळायचं. एका ठिकाणी हेच ऑपरेशन ठरत आलं होतं. मॅनोमेट्रीत निघालं अकॅलेशिया, म्हणजे झाकण ढिलं नाही, उघडतच नव्हतं. अन्न जठरात न जाता नळीतच साठून आंबत होतं. त्याच्यावर अजून वेढा घातला असता तर पाणीही उतरलं नसतं. माझं झाकणाचा स्नायू कापायचं ऑपरेशन झालं, तुमच्या बरोब्बर उलट. वेल्डरदादा, घास अडकतो का? पाण्याचाही घोट अडकत असेल तर डॉक्टरना आवर्जून सांगा.

काउंटरपलीकडून

माझं औषधाचं दुकान आहे. या गोळ्या जेवणानंतर घेणारे मला रोज भेटतात. चिठ्ठीवर ‘जेवणाआधी’ लिहिलेलं असतं, तरीही.

ऑपरेशननंतर गोळी कायमची सुटते असं धरून चालू नका. स्वीडनमध्ये दुर्बिणीतून ऑपरेशन झालेल्या २,६५५ जणांची माहिती बघितली होती, त्यात १७.७ टक्क्यांचा त्रास परत आला, बहुतेकांनी पुन्हा गोळ्या धरल्या. माझ्या थोरल्या भावाचं सहाव्या वर्षी तसंच झालं. तरी तो म्हणतो, मधली पाच वर्षं फुकटात मिळाली. फुकटात कसली, दोन लाख गेले होते.

मेडिक्लेम असेल तर हर्नियाचा प्रतीक्षाकाळ बघून घ्या, बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षांचा असतो. आणि छातीतली जळजळ जिना चढताना वाढत असेल, हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी ईसीजी काढा. पित्त पित्त म्हणत गेलेले गिऱ्हाईक मी बघितलेत.

चाकणचा_वेल्डर

मास्तरीणबाई, पकडलंत. गोळी जेवणाच्या डब्यातच ठेवायचो, चपात्यांच्या फडक्यात. डबा खाल्ला की गोळी. सहा वर्षं! आणि तिसऱ्या पाळीला तर घरी येऊन झोपायच्या आधी.

तीन आठवडे जेवणाआधी अर्धा तास घेतोय. पाळी बदलली की मोबाईलचा गजर बदलतो. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन दोन विटा सरकवल्या, बायको म्हणते घसरगुंडीवर झोपल्यासारखं वाटतं. जळजळ निम्म्याहून कमी आहे. पाणी अजून येतं, पण तुम्ही म्हणालात तसंच, आंबट कमी. रात्रीचा ठसका आठवड्यातून एकदा. घास अडकत नाही. काउंटरवाले दादा, ईसीजी काढला, ठीक आहे.

त्या सर्जनची तारीख रद्द केली. पुण्यात पोटविकाराच्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी दोन्ही तपासण्या लिहून दिल्या. येत्या सोमवारपासून गोळी बंद, त्याच्या पुढच्या सोमवारी नळी. तो दिवस रजा टाकू की कामावर जाऊ? आणि एक बावळट प्रश्न, हसू नका. नळी चिकटवायला मिशी काढावी लागते का? वडील गेले तेव्हाच फक्त काढली होती.

मिरजेची_मास्तरीण

मिशी राहू द्या. चिकटपट्टी नाकावर आणि गालावर लावतात, तेव्हा गालावरची दाढी तेवढी करून जा, नाहीतर दुसऱ्या दिवशी काढताना त्यांच्यापेक्षा तुम्हीच जास्त ओरडाल.

कामावर जायला हरकत नाही का, ते डॉक्टरना विचारा. डबी विजेवर चालणारी, आणि तुम्ही वेल्डिंगच्या मशीनशेजारी. पण रजा टाकलीत तरी दिवसभर झोपून राहू नका. अंगण झाडा, बादल्या उचला, पंचवीस वेळा वाका. वाकल्यावर येतं ना, मग डबीला ते दिसू दे. आणि प्रत्येक वेळी बटण दाबायला विसरू नका, माझी दुपारची दोन राहिली होती.