पीयूच्या (अकरावी-बारावीच्या) मुलांचं मन घट्ट व्हावं म्हणून रोज नेमकं काय करून घ्यावं?

खानापूर_वाचनालय
नमस्कार. मराठी माध्यमातून दहावी करून पीयू सायन्सला गेलेली बारा-पंधरा मुलं संध्याकाळी वाचनालयात अभ्यासाला बसतात. सगळे विषय एकदम इंग्रजीत आलेत. पेपर हातात पडला की येत असलेलंही आठवत नाही, ही जवळपास सगळ्यांची तक्रार आहे. त्यांच्यासाठी रोज १५ मिनिटांचा सराव ठरवायचा आहे. स्टोइक (प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांचा) विचार, पतंजलींची योगसूत्रं आणि मेंदूविज्ञान यांत कुठं जुळतं, कुठं जुळत नाही, हे जाणकारांनी सांगावं. "सकारात्मक विचार करा" याच्या पुढचं हवंय. २१ दिवसांत सवय लागते हे खरं का?

मलप्रभाकाठ
डोकं रिकामं का होतं, ते मुलांना आधी समजावून सांगा. ताण आला की मेंदूत नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि डोपामिन वाढतं. कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सला ते ठरावीक मर्यादेपर्यंतच मानवतं. फार चढलं की त्याचं काम ढिलं पडतं. पाठ केलेलं पुसलं गेलेलं नसतं, ते शोधून काढणारा भाग तेवढ्यापुरता मंदावलेला असतो. हे कळलं की "मला काही येतच नाही" हा बुद्धांनी सांगितलेला दुसरा बाण, म्हणजे मूळ दुखण्यावर आपणच ओढवून घेतलेलं दुःख, तरी चुकवता येतो.

म्हणून सुरुवात शरीरापासून. पहिली ५ मिनिटं नाकानं ४ सेकंद श्वास आत, ६ सेकंद बाहेर. मिनिटाला ६ श्वास होतात. या गतीला श्वास आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा एका लयीत येतात. इथं हमखास चूक होते ती अशी: मुलं छाती भरभरून ओढतात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. श्वास संथ हवा, मोठा नको. जमत नसेल तर ३ आत, ४ बाहेर.

मग २ मिनिटं भावनेला नाव. "टेन्शन आहे" चालणार नाही. "पेपर अर्धा राहील याची भीती, पोटात गोळा" इतकं नेमकं, वहीत एक ओळ. भावनेला शब्द दिला की अमिग्डालाची (मेंदूतल्या धोका टिपणाऱ्या भागाची) प्रतिक्रिया उतरते, हे मानसशास्त्रज्ञ लीबरमन यांनी २००७ मध्ये दाखवलं. ही ओळ मुलांना मराठीतच लिहू द्या. भीतीसाठी इंग्रजी शब्द शोधत बसायला नको.

उरलेली ८ मिनिटं एपिक्टेटस या स्टोइक तत्त्वज्ञाची. पानावर दोन रकाने: माझ्या हातातलं आणि हातात नसलेलं. मुलं "मार्क" हातातल्या रकान्यात टाकतात, तिथं थांबवा. मार्क हातात नाहीत. आधी अख्खा पेपर वाचणं, येतो तो प्रश्न पहिला घेणं, हे हातात आहे. शेवटी त्यातल्या एकाचं "जर-तर" वाक्य करायचं: "डोकं रिकामं वाटलं, तर पेन खाली ठेवून ६ संथ श्वास, मग सर्वांत सोपा प्रश्न." नुसत्या निश्चयापेक्षा असं प्रसंगाला बांधलेलं वाक्य ऐनवेळी जास्त आठवतं.

मार्कंडेय_तीर
वरच्या क्रमाशी सहमत, एक भर घालतो. सहन करणं म्हणजे दाबणं, असा अर्थ आपल्याकडं सर्रास लावतात. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांत भावना चेहऱ्यावर येऊ न देणाऱ्यांच्या शरीरातली खळबळ कमी झाली नाही, उलट काही बाबतींत वाढली. प्रसंगाचा अर्थ नव्यानं लावणाऱ्यांना मात्र भावनाच सौम्य जाणवली. "रडायचं नाही" हे वाक्य वाचनालयात नकोच.

योगसूत्र २.३३ मधलं प्रतिपक्षभावन (वाईट विचाराविरुद्ध उलट विचार मनात आणणं) परीक्षेच्या भीतीला सरळ चिकटवू नका. मूळ संदर्भ हिंसा, असत्य अशा यमनियमांविरुद्धच्या विचारांचा आहे. तुमच्या कामाचं सूत्र १.१४: दीर्घकाळ, खंड न पाडता, आदरानं केलेला अभ्यासच पक्का होतो.

२१ दिवसांचा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या निरीक्षणावरून पसरला. तो सवयींवरचा प्रयोग नव्हता. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात मध्यक ६६ दिवस निघाला, व्याप्ती १८ ते २५४. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. तेव्हा पावसानं बस चुकली आणि मुलगा आला नाही, तर त्याला बोलू नका.

निपाणीवाचक
दोन गोष्टी राहिल्या. स्टोइक लोक संकटाची आधीच कल्पना करत, ती युक्ती मुलांना जपून द्या. आपल्याकडं म्हणतातच, मन चिंती ते वैरी न चिंती. ३ मिनिटं, कागदावर, आणि प्रत्येक संकटापुढं एक कृती. अंथरुणात पडून तर मुळीच नको, ती निव्वळ काळजी होते. जागरणही तोडा: २००७ च्या एका प्रयोगात रात्रभर न झोपलेल्यांचा अमिग्डाला सुमारे ६०% जास्त भडकला.

दुसरं, भीती पुसली जात नाही. तिच्यावर नवं शिकणं बसतं, आणि ते जागेला चिकटून राहतं. वाचनालयाच्या चटईवर आलेली शांतता परीक्षेच्या हॉलमध्ये आपोआप येत नाही. आठवड्यातून एकदा बाकावर, घड्याळ लावून, अनोळखी पर्यवेक्षक ठेवून जुना पेपर सोडवून घ्या. जागाही बदलत राहा.

खानापूर_वाचनालय
फार उपयोग झाला. श्वासाकडं लक्ष दिलं की एका मुलीची घालमेल वाढते. तिनं काय करावं?

मलप्रभाकाठ
असं होतं. तिला श्वास सोडून द्यायला सांगा. डोळे उघडे, पायांचे तळवे फरशीला टेकलेले, खोलीतल्या ५ वस्तूंची नावं मनात घ्यायची; नाहीतर १० मिनिटं संथ चालणं. दोन आठवडे झोप-जेवण बिघडलेलं असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर सरावावर विसंबू नका. त्याच दिवशी घरच्यांशी बोला आणि १४४१६ या टेलीमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) नंबरवर फोन लावा. तो फुकट आहे, २४ तास लागतो. प्रत्यक्ष दाखवायचं झालं तर धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था बेळगावहून दीड-दोन तासांवर आहे.