बिबट्यांचा कळप? 'आफ्रिकी वारसा' सांगणाऱ्या रूपपालटी प्रेमकथा

रानवाट (धागाकर्ती)
या पावसाळ्यात किंडलवर 'आफ्रिकी वारसा' अशी पाटी लावलेल्या चार-पाच इंग्रजी प्रेमकादंबऱ्या वाचल्या. सगळ्यांत नायक रूप पालटणारा, म्हणजे माणसाचा प्राणी होणारा. नावं देत नाही, कारण एकीतलं प्रकरण दुसरीत टाकलं तरी कळणार नाही. एकीत नायक बिबट्या, आणि तो म्हणे बिबट्यांच्या कळपाचा म्होरक्या! अहो, बिबट्या एकटा राहतो, जुन्नरच्या उसाच्या फडातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे युरोपातला लांडगा घ्यायचा आणि वर ठिपके काढायचे. मग तेच: वासावरून जन्माची जोडीदार ओळखणं, गुरगुरणं, लग्न.

खरा माल तर तिथेच पडलाय. नायजेरियाकडच्या योरुबा लोकांची ओया घ्या, वादळाची देवी. शिकारी लपून बघतो: एक रानम्हैस येते, कातडं उतरवते, आतून देखणी बाई निघते आणि कातडं लपवून बाजाराला जाते. हा ते कातडं चोरतो आणि तिच्याशी लग्न करतो. तिची अट एकच, माझं मूळ कोणाला सांगायचं नाही. सवती नवऱ्याला दारू पाजून गुपित काढतात आणि तिला टोमणे मारतात. ती कातडं शोधून अंगावर चढवते, सवतींना शिंगावर घेते आणि निघून जाते. जाताना पोरांना शिंगं देते: गरज पडली की ही एकमेकांवर आपटा, मी येईन. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, पण ते जाणं चुकत नाही.

ही गोष्ट 'शेवट गोड' या नियमात बसत नाही, म्हणून लांडगा आणतात. आणा, पण मग पाटी काढा.

तिखटमीठ
साफ असहमत. यातल्या बऱ्याच लेखिका अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय असतात. जिच्या खापरपणजीला जहाजात कोंबून नेलं, नाव-भाषा-कूळ सगळं पुसलं, तिला आपण योरुबा, मेंडे की अकान हे कुठून कळणार? ती मोघम 'आफ्रिका' म्हणते तो आळस नाही, तिच्या हाती तेवढंच उरलंय. आणि काळ्या बाईवर कोणीतरी जीव ओवाळून टाकतो, ती शेवटच्या पानावर जिवंत आणि सुखात असते, हे तिला आजवर किती पुस्तकांत मिळालं? साच्याला नाकं मुरडणं आपल्याला परवडतं. (कळपाचं मात्र मान्य. हसले.)

कातळ
मी रानवाटच्या बाजूने, पण कारण वेगळं. इथियोपियात 'बुदा' म्हणतात, दृष्ट लावणारी आणि रात्री तरस होणारी माणसं. हा संशय घेतला जायचा लोहारांवर, कुंभारांवर. बेटा इस्राएल हे तिथले ज्यू. लोहारकाम-कुंभारकाम बरंचसं त्यांच्याकडे, म्हणून त्यांच्यावरही. हात कामाला हवेत, माणूस मात्र पंगतीला नको, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. 'तरस नायक, गूढ लोहार' वाचून कोणाला गुदगुल्या होत असतील. ज्याच्या आजोबांना त्याच शब्दाने वाळीत टाकलं, त्याने काय करायचं?

जुना बाजार
शुद्ध वारसा शोधत निघालात तर मुंबईत येऊन पोचाल, थट्टा नाही. मामी वाता ही पश्चिम आफ्रिकेची पाण्यातली देवी, कधी मासोळी, कधी बाजारात फिरणारी सुंदर बाई. पुरुषाला प्रियकर करते, पैसा देते, पण दुसरीकडे बघू देत नाही. तिचं सगळ्यात गाजलेलं चित्र मुळात १८८०च्या दशकात हॅम्बुर्गला छापलेल्या एका गारुडीणीचं. तेच १९५५ साली मुंबईच्या श्री राम कॅलेंडर कंपनीने घानातल्या कुमासीच्या व्यापाऱ्यांसाठी पुन्हा छापलं, १२,००० प्रती. पुढचं ऐका. आपल्याकडची देवांची कॅलेंडरं तिकडे गेली आणि टोगो-बेनिनकडे त्रिमुखी दत्त 'डेन्सू' झाले, मामी वाताच्या परिवारातला देव! आता सांगा, कोणाचा वारसा कोणी पळवला?

रानवाट
दत्तगुरूंचं वाचून उडालेच. आईला सांगितलं तर म्हणाली, "गुरुवार पाळतात का तिकडे?"

पण हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्यांनी चित्र बाहेरून घेतलं. नाव, नैवेद्य, विधिनिषेध स्वतःचे लावले. या कादंबऱ्या उलटं करतात. नाव ओयाचं, नियम लांडग्याचे. ब्राझीलला गुलाम म्हणून गेलेल्यांनी सुद्धा ओयाला 'यान्सा' म्हणून जपलं, आणि म्हशीची शिंगं आजही तिच्या पूजेत असतात. तिखटमीठ, हातात काहीच उरलं नव्हतं म्हणता ते सगळीकडे खरं नाही.

निंबोणी
विषयांतर, पण ठिपकेवाल्या तरसांत सत्ता माद्यांची. पोरांना मान आईच्या मानावरून मिळतो, बाहेरून आलेला नर सगळ्यांच्या खाली. असला नायक कोणी लिहीत नाही, म्होरक्याच हवा सगळ्यांना! आणि अट मोडली की बाई जाते, हे आपल्याला परकं कुठाय? गंगा गेली, उर्वशी गेली. ऋग्वेदात (१०.९५) उर्वशी पुरूरव्याला सुनावते, बायकांशी कसलं सख्य, त्यांची काळजं 'सालावृकांची'. सालावृक म्हणजे कोणी लांडगा घेतात, कोणी तरस. मी तरसाच्या बाजूने.

तिखटमीठ
यान्सा मान्य. पण ब्राझीलमध्ये जे टिकलं ते अमेरिकेत व्हर्जिनियाच्या तंबाखूच्या मळ्यात टिकू दिलं नाही, साउथ कॅरोलायनात तर ढोलावरही बंदी आली. कातळ, तुमच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

राहिली ओया. तिची प्रेमकथा होतच नाही, हे कोण म्हणतं? शिकाऱ्याने कातडं बघितलं, आणि जिथल्या तिथे ठेवून दिलं तर?

रानवाट
मग ती बाजारातून येईल, कातडं चढवेल आणि जाईल. संपली गोष्ट.

तिखटमीठ
पुढच्या बाजाराला पुन्हा त्याच झाडाखाली येते की नाही, यावर तीनशे पानं आनंदाने वाचेन मी.